सरकलेला अक्ष

बॉल हातातून सुटला आणि लेनवरून पुढे जाताना टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. पनवेलच्या जुन्या हायवेलगतच्या त्या मॉलमधल्या बोलिंगच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी गाणी सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ शांतता असते, म्हणूनच तो ऐकू आला. समीक्षा रेषेपाशी एका पायावर तशीच थांबली. तिचा बॉल कधी आवाज करत नसे. बॉलला तीन भोकं असतात, दोन बोटांची, एक अंगठ्याचं. आणि सवयीच्या हातातून सुटलेला बॉल असा फिरतो की ही भोकं लेनला लागतच नाहीत. नवशिके टाकतात तेव्हा भोक दर फेऱ्याला खाली येतं आणि असा आवाज होतो. शेजारच्या लेनवर वाढदिवसाला आलेल्या मुलांचे बॉल असेच वाजत जायचे, आणि इतकी वर्षं ती तो आवाज कानाआड करत आली होती. आता तो तिच्या बॉलमधून आला होता. बॉल वळायच्या जागी वळला नाही. सरळ गेला, कडेच्या दोन पिना पाडल्या आणि मागच्या अंधारात पडला. ती परत येऊन खुर्चीवर बसली. बॉल वर आला तेव्हा त्याच्यावर उमटलेल्या, लेनला लावलेल्या तेलाच्या कड्यांकडे तिने पाहिलं. नेहमी ती अंगठ्याच्या भोकापासून दूर, शिस्तीत उमटत. आज एक कडं भोकाच्या काठावरूनच गेलं होतं. लेआउट, म्हणजे भोकांची मांडणी, चुकलाय, असं तिच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिला बरं वाटलं. भोकं बुजवता येतात, पुन्हा पाडता येतात.

आणि तिने ती पाडून घेतलीच होती. पावसाळ्यापासून हा बॉल कृष्णकांतकाकांकडे दोनदा जाऊन आला होता. काका रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एके काळी स्वतः राज्याकडून खेळलेले. नवीन पनवेलच्या त्यांच्या रो-हाउसच्या गॅरेजमध्ये एक ड्रिल मशीन होतं आणि आसपासच्या सगळ्या खेळणाऱ्यांचे बॉल तिथे पाडले जात. ती पहिल्यांदा गेली होती तेव्हा तिची लेक निशा पोटात होती. तेव्हा काकांनी समजावून सांगितलं होतं, की बाहेरून गोल दिसणारा बॉल आतून तसा नसतो. आत जड गाभा असतो, उलट्या बल्बसारखा, आणि त्याचं डोकं कुठे आहे ते कळावं म्हणून बॉलच्या पाठीवर एक रंगीत टिकली असते. टिकली बोटांच्या वर येईल अशी भोकं पाडली, की बॉल तेलावरून लांबपर्यंत सरळ घसरतो आणि शेवटच्या कोरड्या पट्ट्यात एकदम वळतो. टिकली बोटांच्या खाली घेतली, की तो लवकर, अंग सोडून वळतो. तोच बॉल, तीच लेन, नुसती भोकं इकडची तिकडे केली की दुसराच स्वभाव. "पण हे सगळं मोजायचं कुठून?" तिने विचारलं होतं. काका हसले होते. हातातून सुटलेला बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाचं टोक बॉलच्या अंगावर कुठेतरी असतं. मोजमाप सगळं तिथून. "ते टोक बनवणारा छापून देत नाही. ते तुझा हात देतो. प्रत्येकाचं वेगळं." तिला ते फार आवडलं होतं. उरणच्या कोळीवाड्यातून शिकायला पनवेलला आलेली, मग कळंबोलीत क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात दिवसभर कंटेनरचे नंबर टाइप करणारी मुलगी. तिच्या हाताची अशी स्वतःची एक जागा होती, आणि ती काकांनी पेन्सिलने खूण करून दाखवली होती.

त्या रविवारी ती तशीच बॉल घेऊन गॅरेजमध्ये गेली. काकांनी बॉल फिरवून तेलाची कडी पाहिली.

"लेआउट बदलू या काका. टिकली खाली घ्या. दिवाळीनंतर राज्याच्या संघाची निवड आहे, तोवर हात बसेल."

"लेआउट बदलायच्या आधी मला तू टाकताना बघायचंय," ते म्हणाले. "चल."

ते तिच्याबरोबर मॉलमध्ये आले. त्यांनी बॉलवर तिच्या अक्षाच्या जुन्या जागी पांढऱ्या टेपचा लहानसा तुकडा चिकटवला. जागा बरोबर असेल तर बॉल कितीही फिरला तरी तो तुकडा जागच्या जागी राहतो, भोवऱ्याच्या आरीसारखा, आणि बाकी सगळा बॉल त्याच्याभोवती फिरतो. तिने बॉल टाकला. काका बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रण करत होते. मग त्यांनी ते सावकाश चालवून तिला दाखवलं. पांढरा तुकडा एका जागी नव्हता. तो वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. काकांनी टेप काढून थोडी पलीकडे लावली, तिला पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शेवटी एका फेकीला तुकडा स्थिर राहिला. जुन्या खुणेपासून चांगला अंगठाभर दूर.

"बॉलला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "तुझा अक्ष सरकलाय. अंगठा उशिरा सुटतोय आणि बोटं बॉल उचलतच नाहीत. हाताला काही लागलं होतं का?"

"नाही."

"दुखतं?"

"नाही. दुखत नाही."

ती हे सहज बोलली आणि बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. दुखत नाही. हे शब्द घरात कधीतरी याच सुरात बोलले गेले होते. "दाखवून घे एकदा," काका म्हणाले. तिने हो म्हटलं, आणि लगेच विचारलं, की नव्या जागेवरून मोजून नवा बॉल पाडाल ना. काकांनी तिच्याकडे पाहिलं. "पाडीन. पण आजच्या हाताचा पाडीन. महिन्याने हा हात असाच असेल का, ते मला सांगता येणार नाही."

दुखत नाही. स्कूटी चालवताना ते दोन शब्द तिच्या डोक्यात बॉलसारखेच टकटकत होते. दुखलं असतं तर लचक म्हणता आली असती, सांधा म्हणता आला असता, शेक घेतला असता. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेनासं झालं तेव्हा तिने झाकणाला नावं ठेवली होती. नेलकटर बोथट झालं म्हणून नवं आणलं होतं. ऑफिसात टाइप करताना तर्जनी एका अक्षराऐवजी दुसऱ्यावर जाई, तर की-बोर्ड बदलून मागितला होता. अंथरुणावर पडल्यावर दंडाच्या कातडीखाली काहीतरी फडफडायचं, पिशवीत जिवंत कोळंबी असावी तसं, आणि तिने ते चहा जास्त होतोय यावर घातलं होतं. एकेक गोष्ट वेगळी होती तोवर एकेकीला कारण सापडत होतं. आता एका पांढऱ्या टेपच्या तुकड्याने त्या सगळ्या एका दोरीत ओवल्या होत्या. सिग्नलला थांबल्यावर तिने हात उलटा करून पाहिला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा, जो डाव्या हाताला होता, तो उजव्याला नव्हता. तिथे खळगा होता. मागच्याने हॉर्न दिला. ती निघाली, पण कुठे वळायचं ते तिला काही वेळ आठवलं नाही.

काशिरामला, तिच्या बापाला, दुखत नव्हतंच. तो होडीवर नसायचा तेव्हा ओट्यावर पाय पसरून जाळं दुरुस्त करत बसायचा, जाळं विणायची बांबूची सुई इतकी भरभर चालायची की ती दिसायची नाही, नुसती गाठ पडलेली दिसायची. मग गाठी ढिल्या पडू लागल्या. तो म्हणाला, सूत खराब आहे, हल्ली नायलॉन निसरडं येतं. सूत बदललं. मग सुई जड आहे म्हणाला, आणि स्वतः बसून नवी तासली, मग आणखी एक, आणखी पातळ. समीक्षा तेव्हा कॉलेजसाठी पनवेलला मावशीकडे राहायची. घरी आली की ओट्यावर सुया वाढलेल्या दिसत. पुढे सुया दिसेनाशा झाल्या. मग बाप ओट्यावर दिसेनासा झाला. शेवटी शेवटी त्याला पाणी गिळता येत नसे, बोलता येत नसे, फक्त डोळे होते, आणि ते सगळं बघत होते. कोणी म्हणाले वारं गेलं अंगावरून, कोणी म्हणाले कोणाची नजर. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नसांचं काहीतरी सांगितलं होतं आणि जाता जाता विचारलं होतं, घरात आणखी कोणाला होतं का. आजोबांचं कोणालाच नीट माहीत नव्हतं. ते तरुणपणीच हातपाय जाऊन वारले एवढंच. तो प्रश्न समीक्षाने ऐकला होता. इतकी वर्षं तो तिच्यात कुठे होता कोण जाणे. आता तो आला आणि येऊन बसला, पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा.

घरी निशा मटार सोलत होती. आठवीतली पोर, टीव्हीकडे डोळे, आणि बोटं आपोआप चालत होती. शेंग दाबायची, अंगठा आत घालायचा, दाणे भांड्यात. समीक्षा दारातच उभी राहून त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "काय गं आई?" निशाने विचारलं. "काही नाही." ती आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. हरेश, तिचा नवरा, मागून आला. तो चांगला माणूस. तिच्या खेळाचं त्याला कौतुक होतं, बक्षिसं त्यानेच हॉलमध्ये लावली होती. "फॉर्म जातो येतो," तो म्हणाला. "तू नवा बॉल घे बघू." तिने मान हलवली. सांगितलं तर ते खरं होईल असं तिला वाटलं. तिच्यापुरतंच नाही, निशापुरतंही. जोवर बोलत नाही तोवर ते फक्त एका हातात होतं.

काकांनी नवा बॉल पाडला. नव्या जागेवरून मोजून, टिकली अशी ठेवून, की गाभा लवकरात लवकर जागा होईल आणि थोड्याशा फिरकीवरही बॉल वळेल. मशीनच्या पात्याखालून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता आणि भुसा गळत होता. तिने बोटं घालून पाहिली. भोकं आधीपेक्षा सैल हवीत, असं तिने सांगितलं. काकांनी न विचारता केली. आणि पहिल्याच सकाळी तो बॉल वळला. तेल संपलं तिथे असा वळला, जणू कोणीतरी आतून हाक मारली. सगळ्या पिना एका आवाजात पडल्या. तिने पुन्हा टाकला, पुन्हा पडल्या. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तिने येताना मिठाई आणली, हरेशला म्हणाली, लेआउटच चुकला होता. निशाच्या केसांत तेल घातलं. वेणी घालताना शेवटी रबर बसवता येईना तेव्हा म्हणाली, तूच घाल गं, माझे हात तेलकट आहेत. लेआउटच चुकला होता, या एका वाक्यावर ती सबंध आठवडा जगली. पुढचा आठवडा सुरू झाला आणि बॉल हळूहळू मंद झाला. आधी वळण उशिरा, मग अर्धवट, मग नाही. तिने उभं राहण्याची जागा बदलली, पावलं बदलली, बॉलचं अंग घासून खरखरीत केलं. ती काकांकडे गेली तेव्हा त्यांनी मशीन सुरूच केलं नाही.

"आणखी एक लेआउट असेल ना," ती म्हणाली. "एखादा तरी असेलच."

"आहेत ना. पुष्कळ आहेत." काकांनी खुर्ची ओढून तिला बसायला दिली. "समीक्षा, लेआउट हाताची जागा घेत नाही गं. हाताने जे दिलं, ते तो फक्त लवकर नाही तर उशिरा दाखवतो."

"मग निवडीपुरतं तरी करा."

काकांनी बॉल पुसला आणि तिच्या बॅगेत ठेवून चेन लावून दिली.

निवडीला ती गेलीच. नाही गेलं तर लोक विचारतील, आणि विचारलं तर काय सांगायचं, ते तिच्याकडे नव्हतं. पहिले काही डाव तिने रेटले. आजूबाजूला ओळखीच्या बायका, टाळ्या, थंड हवा, पॉलिशचा वास. तिचा नंबर आला. बॉल मागे नेला, हात लोंबकळत मागे गेला आणि मागे गेला तिथेच बॉल निघून पडला. तिच्या पाठीमागे, चालायच्या लाकडी फळ्यांवर, धप्पकन्. तिचा मोकळा हात तसाच पुढे आला आणि तिने मोकळाच हात पिनांच्या दिशेने सोडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बॉल सावकाश गडगडत खुर्च्यांपाशी जाऊन थांबला, आणि एका पोरीने तो दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरला. "ताई, लागलं का?" समीक्षाने बॉल घेतला नाही. बूट बदलले, नाड्या सोडायला वेळ लागत होता, म्हणून उजवा बूट तसाच ओढून काढला. खाली आली. घरी जायचं होतं, पण निशा घरी असणार होती. स्टँडवर उरणची बस लागली होती. ती चढली.

केतन, तिचा धाकटा भाऊ, घरीच होता. कामाच्या दिवशी घरी. तो बंदरात क्रेनवर होता आणि सुट्टी घेत नसे. ओट्यावर बसला होता, पायात चप्पल, अंगात टी-शर्ट. "आई बाजारातून येईल एवढ्यात," तो म्हणाला. "अशी अचानक?"

ती त्याच्याशेजारी बसली. खाडीवरून सुक्या मासळीचा वास येत होता. तिने आडून काही विचारलं नाही. "बाबांचं कसं सुरू झालं होतं? मी इथे नव्हते. तू होतास."

केतनने चहाचा कप उचलला. दोन्ही तळहातांनी, लहान मूल उचलतं तसा, आणि ओठांशी नेऊन पुन्हा दोन्ही हातांनीच खाली ठेवला. समीक्षा त्याच्या हातांकडे पाहत होती. अंगठ्याशेजारी खळगा होता, तिच्यापेक्षा खोल. दोन्ही हातांना.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"होळीच्या आधीपास्नं." तो समोर बघत होता. "क्रेनचा दांडा धरवत नाय. साहेबाला पाठीचं सांगितलंय. बटनं लावायला येत नाय म्हणून शर्ट घालायचं सोडलं." मग त्याने तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्याचं लक्ष तिच्या मांडीवरच्या हाताकडे गेलं. "ताई, तुला पण?"

तिला वाटलं होतं हे कोणी विचारलं की आपण कोसळू. तसं झालं नाही. तिने मान हलवली. दोघं तसेच बसले. लहानपणी बापाने मारलं की बसायचे, एकमेकांना न शिवता. "आईला सांगू नको," केतन म्हणाला. "तिने एकदा बघितलंय सगळं. परत कसं बघेल?" "नाही सांगत," समीक्षा म्हणाली. "मी विचार करत होतो, कुठे तरी लांब बदली घेईन. तिला दिसणार नाय." त्याच्या बोलण्यात शब्द किंचित जड पडत होते. ते तिने ऐकलं, आणि त्याला ते कळलं.

भामा, त्यांची आई, रिकामी पाटी घेऊन आली. लेकीला बघून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "आलीस बाय? बरं झालं. आज पाला मिलाला," एवढं बोलून ती आत गेली. पाला चवीचा मासा, पण काट्यांनी भरलेला. केसासारखे काटे, आडवेतिडवे. बाहेरच्यांना तो खाता येत नाही. भामाने मुलांना चार-पाच वर्षांची असल्यापासून तो स्वतःचा स्वतः खायला लावला होता. कोळ्याच्या पोराने काटा दुसऱ्याकडून काढून घ्यायचा नाही, यावर तिचा कटाक्ष होता.

तिने तिघांची ताटं वाढली. समीक्षा हात धुऊन बसली. घास कसा उचलायचा, चार बोटांत धरून अंगठा कुठे दाबायचा, याची जुळवाजुळव ती मनात करत होती. केतन मान खाली घालून बसला होता. भामा दोघांच्या समोर बसली. तिने आधी केतनचं ताट स्वतःकडे ओढलं, माशाचा तुकडा उकलला, बोटांनी चाचपत एकेक काटा काढला आणि कडेला ठेवला. निवडलेलं मांस भातात कालवलं, लहान लहान घास केले आणि ताट परत सरकवलं. मग तिने समीक्षाचं ताट ओढलं.

"आई," समीक्षा म्हणाली.

"मना दिसत नाय असं वाटलं तुमाला?" भामा मान वर न करता म्हणाली. तिचा आवाज बाजारात भाव सांगताना असतो तसाच होता. "केतन्या कप कसा धरतं, ते मी शिमग्यापासून बघतंय. तू गणपतीला आलीस तवा मोदकाची पारी तुझे हातात मोडत होती. मोदक वळायला तू कवा चुकली नाय. तवाच मना समजलं." तिने एक काटा उजेडात धरून पाहिला आणि कडेला ठेवला. "तुमचे बापाला मी तेल चोलत बसले. अंगारे लावले. डॉक्टरकडं नेला तवा उशीर झालेला. नेला असता आधी तरी वाचता का, ते मना म्हाईत नाय. पण आमी एकामेकांशी बोललो पण नाय. तो सुईला बोलत बसला, आनि मी देवाला."

केतन रडत होता. आवाज न करता, खांदे हलत होते. त्याला डोळे पुसायला हात नीट उचलता येत नव्हता. भामाने पदराने त्याचं तोंड पुसलं, तो आठ वर्षांचा असता तर पुसलं असतं तसं, आणि पुन्हा ताटाकडे वळली.

"निशीचं काय?" समीक्षाने विचारलं. हा प्रश्न तिने अजून कोणालाच विचारला नव्हता, स्वतःलाही नाही.

भामाची बोटं थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदा थांबली.

"ते मना नाय सांगता येत बाय," ती म्हणाली. "उद्या सकालची पहिली बस धरू. तिघाबी मोठे इस्पितलात जाऊ. जावईबापूला पन तिथंच बोलव. त्याला आज सांग, फोन करून सांग." आणि तिने ताट समीक्षाच्या पुढे सरकवलं. "खा. गार होतंय."

समीक्षाने घास उचलला. तो अर्धा ताटात सांडला, अर्धा तोंडापर्यंत पोचला. समोर केतनही तसाच खात होता. भामाने मग स्वतःचं ताट ओढून घेतलं, पण तिने मासा उकलला नाही. ती नुसती बघत राहिली, दोघांपैकी कोणाचा घास सांडतो तिकडे हात पुढे करून.